पाचव्या मिनिटाला कळलं होतं

भोसरी, पुणे
रविवार, रात्र

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा फोन मी धड घेतला नाही, म्हणून हे पत्र. शेडमध्ये सरफेस ग्राइंडर चालू होता आणि तू एका दमात सांगत होतीस. शाळकरी मुलांच्या ‘फर्स्ट’ रोबॉट स्पर्धेत तू मार्गदर्शक असलेल्या टीमचा रोबॉट तिसऱ्या मॅचला मध्येच थांबला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलाला काही सुचेना, मग रात्री लॉजवर बसून तूच सगळा कोड नव्याने लिहिलास, दुसऱ्या दिवशी रोबॉट सुसाट पळाला, पोरं नाचली. मी नुसता ‘हं, हं’ करत होतो. शेवटी तू हळूच म्हणालीस, “पण काका, तो मुलगा रात्री जेवला नाही. माझं काही चुकलं का?” तेवढ्यात पोराने ग्राइंडर बंद केला होता, त्यामुळे ते वाक्य मात्र स्वच्छ ऐकू आलं.

हो, चुकलं. पण तुझ्याआधी मी हेच करून बसलोय, आणि तुझ्यापेक्षा वाईट पद्धतीने.

मार्गदर्शक म्हणून टीमबरोबरचं माझं ते दुसरं वर्ष. तू तेव्हा नव्हतीस. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, रोबॉटचा हात उचलेना. मोटर फिरत होती, शाफ्ट फिरत होता, हब जागच्या जागी. हबला शाफ्टवर आवळून धरणारा ग्रब स्क्रू सैल झाला होता, एवढीच गोष्ट. आठवीतला एक मुलगा खाली बसून अडीच मिलिमीटरची अ‍ॅलन की दोनच्या भोकात घालायला बघत होता. पुढच्या मॅचला आठ मिनिटं होती. मी त्याच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा घेतला, अक्षरशः ओढून घेतला, दोनची किल्ली काढली, लॉकटाइट गोंदाचा थेंब टाकला, पिळून मोकळा झालो. एक मिनिटही लागलं नसेल. खरं सांगू, फार बरं वाटलं. तीस वर्षं टूलरूममध्ये हात चालवलेला माणूस, सगळी पोरं डोळे विस्फारून बघतायत! ती मॅच आम्ही जिंकलो. पुढच्या सप्टेंबरला नवा सीझन सुरू झाला तेव्हा तो मुलगा आला नाही. त्याची आई एकदा भाजी घेताना भेटली, तिला विचारलं. ती सहज म्हणाली, “तो म्हणतो, काका करतातच की सगळं.”

त्यानंतर मी हात खिशात घालायला शिकलो. आता तुला एक गोष्ट सांगतो, जी इतकी वर्षं सांगितली नव्हती.

तू नववीत होतीस. स्पर्धेच्या आठ दिवस आधी रोबॉट चालता चालता अर्धा मरायचा. म्हणजे डावीकडची चाकं थांबायची, उजवीकडची फिरत राहायची, आणि रोबॉट चक्कर आल्यासारखा गोल गोल. तू फरशीवर मांडी घालून बसलीस. मी पाचव्या मिनिटाला मनाशी ठरवून टाकलं होतं: बॅटरीचा प्लग सैल आहे. तो पिवळा एक्सटी-थर्टी कनेक्टर सतत काढून घालून ढिला पडतो, हे मी दहा वेळा पाहिलेलं. माझे हात नुसते शिवशिवत होते. दोनदा चहाला जातो म्हणून बाहेर गेलो ते तुझ्यापासून नव्हे, माझ्याच हातांपासून लांब जावं म्हणून. तासाभराने मी फक्त एवढं विचारलं, “नेमकं कधी थांबतो?” तू चिडून म्हणालीस, “कधीही!” मग मी म्हटलं, “कधीही असं यंत्रात काही नसतं. वहीत लिही.”

तू लिहायला लागलीस. सातआठ नोंदी झाल्यावर तूच म्हणालीस, हात वर नेणारी स्लाइड पूर्ण वर गेल्यावरच होतंय. आणि मग ते वाक्य, जे मी अजून लोकांना सांगतो: “काका, कंट्रोल हबचा दिवा एकदाही विझलेला नाही. मग बॅटरी कशी असेल?” बॅटरी सुटली असती तर हा हब, म्हणजे रोबॉटचा मेंदू, बंद पडून पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतला असता. ते होत नव्हतं. स्लाइड वर जाताना केबलचा गठ्ठा ताणला जायचा, आणि दोन हबना जोडणारी ती बारीक तीन तारांची डेटा केबल किंचित उपसून यायची. दुसरा हब गायब, त्याच्यावरची चाकं गायब. तू केबलला थोडी ढील देऊन झिप टायने बांधलीस. अडीच तास लागले.

माझं निदान चुकीचं होतं, पोरी. मी पाचव्या मिनिटाला तोंड उघडलं असतं तर आपण प्लग बदलला असता, स्लाइड खाली ठेवून चाचणी घेतली असती, रोबॉट पळाला असता, आणि मी शहाणा ठरून घरी गेलो असतो. मग मॅचमध्ये स्लाइड वर गेली की पुन्हा तेच. त्या दिवसापासून मी गप्प बसतो ते काही उदारपणाने नाही. माझा अंदाजही चुकू शकतो, हे मी त्या फरशीवर पाहिलं.

आता तू विचारशील, मग आम्ही तिथे नुसतं उभं राहायचं का? तसंही नाही. ‘सगळं मुलांनीच करावं, मोठ्यांनी हातही लावू नये’ असं म्हणणारे लोक भेटतील तुला, फार तावातावाने बोलतात. त्यांनाही ही स्पर्धा कळलेली नाही असं माझं मत आहे. ती सुरू करणारे डीन केमन हे मुळात संशोधक, अंगावर बांधून फिरता येईल असा औषधाचा पंप त्यांनी तरुणपणीच बनवला होता. त्यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावात आपली स्पर्धा भरवणारी फर्स्ट ही ना-नफा संस्था काढली. त्यांचं दुखणं असं होतं की पोरांना खेळाडू आणि नट माहीत असतात, इंजिनिअर नावाचा प्राणी त्यांनी जवळून पाहिलेलाच नसतो. तेव्हा तो त्यांच्या शेजारी आणून बसवायचा, आणि वर क्रिकेटच्या मॅचसारखा आरडाओरडा होऊ द्यायचा. (क्रिकेट माझं, त्यांच्या मनात बास्केटबॉल असणार.) पहिली स्पर्धा १९९२ मध्ये मँचेस्टरच्याच एका शाळेच्या जिममध्ये झाली, २८ टीम होत्या. संस्थेचं पूर्ण नाव उलगडून बघ, त्यात विज्ञान आहे, तंत्रज्ञान आहे, सगळ्यात आधी प्रेरणा आहे. रोबॉट हा शब्दच नाही.

त्यांच्या जोडीला एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स. हे आपल्या वर्गात विद्यार्थ्यांना किरकोळ सामानाची पेटी द्यायचे आणि यातून यंत्र बनवून एकमेकांशी झुंजवा म्हणायचे. त्या वर्गाचाच वारसा आपल्या मैदानावर आला. कॅल्क्युलस शिकणं हे प्रशिक्षण, कॅल्क्युलस वापरून विचार करता येणं हे शिक्षण, असा फरक ते करत. २०१९ मध्ये ते गेले. फर्स्टच्याच मोठ्या रोबॉटच्या स्पर्धेत त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून देतात, तो मार्गदर्शकाला मिळतो, आणि त्यासाठी नाव मुलांनीच निबंध लिहून सुचवायचं असतं. मला तो नियम फार आवडतो. आपल्याबद्दल त्या न जेवलेल्या मुलाने काय लिहिलं असतं, हा प्रश्न मी अधूनमधून स्वतःला विचारतो. माझा न जेवलेला मुलगा वेगळा, एवढंच.

तेव्हा शेजारी बसायचं, पण किल्ली त्यांच्या हातात. भोकात आटे पाडायचा टॅप कसा मारायचा ते भंगारातल्या पट्टीवर एकदा मारून दाखव: अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब. मग दुसरी पट्टी त्यांना दे आणि आटे मरू देत. रोबॉटच्या प्लेटला हात लावायच्या आधी तीनचार पट्ट्या वाया गेल्या तर तो खर्च नाही, ती फी आहे. मात्र ड्रिल चालू असताना कुणाचे केस मोकळे असतील, डोळ्यांवर गॉगल नसेल, बॅटरीची तार सोललेली असेल, तर तिथे प्रश्नबिश्न विचारत बसायचं नाही. ओरडायचं आणि मेन बंद करायचा. बोटं पुन्हा उगवत नाहीत.

आणि एक, हे तुला जरा टोचेल. तू पाठवलेल्या फोटोत तुझ्या टीममधल्या तिन्ही मुली लॅपटॉपवर पोर्टफोलिओ सजवतायत, आणि रोबॉटभोवती फक्त मुलगे. पंधरा पानांचा तो पोर्टफोलिओ महत्त्वाचा आहे, परीक्षक त्यावरूनच प्रश्न काढतात, सगळं मान्य. पण तुला आठवतं का, पहिल्या दिवशी मी तुझं अक्षर बघून तुझ्या हातात वही दिली होती? तू दोन आठवडे निमूट लिहिलंस आणि मग एक दिवस वही माझ्या टेबलावर आपटून म्हणालीस, “मला वेल्डिंग बघायचंय.” सगळ्या मुली वही आपटत नाहीत. तूच कामं फिरवून दे, आणि ज्याने गिअरबॉक्स बसवला त्यालाच त्याचं पान लिहायला लाव. परीक्षकांसमोर उत्तरं मुलांनाच द्यायची असतात, तिथे तुझा रात्रीत लिहिलेला कोड कोण समजावून सांगणार होतं, याचा विचार केलास का? त्यांनी विचारलं नाही हे तुझं नशीब.

मॅचचं तू पाहतेसच, जास्त सांगत नाही. तीस सेकंद रोबॉट आपल्या अकलेने चालतो, पुढची दोन मिनिटं मुलं चालवतात, आणि आता जी टीम समोर आहे ती पुढच्या मॅचला तुमच्या बाजूने असू शकते. त्यामुळे कुणाची मोटर जळली की शत्रूच धावत येतो. फ्लॉवर्स यांनी त्याला एक भारदस्त नाव दिलं होतं, मी आपला ‘चढाओढ करा पण समोरच्याचा मान ठेवून’ असं समजावतो. पहिल्या वर्षी मला ते पटेना. आमच्या एमआयडीसीत शेजारच्या शेडवाल्याने व्हर्निअर मागितला तरी आपण कपाटाची किल्ली हरवल्याचं सांगतो. इथे नववीतल्या पोरीने आपला एकुलता एक जादा सर्व्हो अनोळखी टीमला दिला आणि मला विचारलंही नाही. ती तूच होतीस.

पालकांचं काय करायचं, असंही तू विचारलं होतंस. ते येऊन विचारणारच की याने आयआयटीला काही उपयोग होतो का. खोटं बोलू नकोस. प्रवेश परीक्षेत याचे मार्क नाहीत. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने या मुलांचा वर्षानुवर्षं माग ठेवला आहे, तुलनेला या स्पर्धेत नसलेली मुलंही घेतली, आणि विज्ञान-अभियांत्रिकीकडचा ओढा फर्स्टच्या मुलांत जास्त दिसला, मुलींमध्ये तर आणखी ठळक. हे सांग. पण आपल्या टीमचा एक मुलगा वकिली करतोय हेही सांग. केबल कुठे ताणते ते शोधायची सवय तिथे वाया जात नसावी. तुमच्या शाळेला अटल टिंकरिंग लॅब आहे ना? तिथला थ्रीडी प्रिंटर कव्हर घालून ठेवलाय म्हणालीस. पालकांची सभा त्याच खोलीत घे, आणि प्रिंटर मुलांना चालू करायला लाव. तुझं भाषण लागणार नाही.

आता त्या मुलाचं. माफीचा मोठा सोहळा करू नकोस, चौदा वर्षांच्या मुलाला त्याची जास्त लाज वाटते. त्याची जुनी फाइल तू उडवली नसशील अशी आशा आहे. नसेल उडवली तर दोन्ही फायली घेऊन त्याच्याशेजारी बस, आणि रोबॉट थांबला तेव्हाचा लॉग त्याला उघडायला सांग. माझा अंदाज असा की त्याच्या कोडमध्ये एकाच ओळीचा घोळ होता, कुठेतरी सेन्सरची वाट बघणारा एखादा लूप, ज्यातून बाहेर पडायची सोय नाही. तू रागाच्या भरात सगळं घर पाडून नवं बांधलंस. ती ओळ त्याला सापडू दे. मग तुझ्या कोडमधलं जे त्याला समजावून सांगता येणार नाही ते काढून टाकायचा अधिकार त्याचा. त्याने तुझी सुंदर ओळ काढली तरी गप्प बस. चहाला जा.

अर्थात माझा अंदाज प्लगसारखाच चुकला असेल. काय निघतं ते मला कळव.

पुढच्या महिन्यात कोल्हापूरला एका डायचं काम आहे, येताना तुमच्या शाळेत उतरेन. मुलांना सांगू नकोस कोण येतंय, मी मागच्या बाकावर बसेन. आणि हो, तू कॉलेजला गेलीस तेव्हा माझ्या जुडग्यातली दोनची अ‍ॅलन की घेऊन गेलीस. चार वर्षं झाली. ती परत आणू नकोस, त्या मुलाला दे, आणि अडीचची तिच्या शेजारीच ठेव.

तुझा,
काका