कोकण रेल्वे असताना महामार्गावर एवढे ट्रक कशाला?

तुमचा प्रश्न वाचला. कोकण रेल्वे एवढी जवळून जात असताना सगळा माल तिच्यावर का चढवत नाहीत, आणि लांज्यात तुमच्या घरासमोर रात्रभर ट्रक का उभे असतात, असं तुम्ही विचारलंय. रत्नागिरीत ट्रान्सपोर्टच्या धंद्यात पंचवीस वर्षं काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रेल्वे जवळून जाते, पण मालाच्या दारात येत नाही. रत्नागिरीचं स्टेशन गावाबाहेर. देवगडला स्टेशनच नाही, कणकवली नाहीतर नांदगाव गाठावं लागतं. आंब्याचंच घ्या. पावसच्या बागेत सकाळी उतरवलेला आंबा पेंढ्यात बसवून पेट्या बांधल्या की तिन्हीसांजेला गाडी बागेच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लागते. जुना गडी पेटी कधी कडेला धरून ओढत नाही, तळाला दोन्ही हात घालून उचलतो. दोन थरांत हवा खेळायला फट ठेवतो आणि ताडपत्री मागून थोडी सैल बांधतो. गाडी रात्रभर चालते, पहाटे वाशीला खाली होते. पेटीला हात लागतात दोनदा, भरताना आणि उतरवताना. तीच पेटी रेल्वेने न्यायची तर टेम्पो, फलाट, डबा, पुन्हा फलाट, पुन्हा टेम्पो. प्रत्येक उचल-ठेवीत फळ दबतं, दबलेलं फळ अढीत पिकताना काळं पडतं आणि दर पडतो तो बागायतदाराचा.

मात्र तुमचं निम्मं म्हणणं मला पूर्ण पटतं. जो ट्रक कोकणात काही भरत नाही, काही उतरवत नाही, नुसता मुंबईकडून मंगळुरूकडे जातो, त्याने आमचे घाट कशाला चढावेत? त्याच्यासाठी कोकण रेल्वेने १९९९ साली रो-रो सुरू केली. भरलेला ट्रक कोलाडला सरळ वाघिणीवर, म्हणजे रेल्वेच्या उघड्या मालडब्यावर चढतो, ड्रायव्हरसकट, आणि गोव्यात वेर्ण्याला किंवा मंगळुरूजवळ सुरतकलला उतरतो. डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हरला झोप मिळते. अडचण अशी की मार्ग बहुतेक एकेरी आहे आणि त्यावरूनच प्रवासी गाड्याही धावतात. दुहेरीकरणाचा पैसा हा रस्त्याचाच पैसा समजून खर्च करायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

आता रस्त्याच्या नासाडीबद्दल. नासाडी गाड्यांच्या संख्येपेक्षा ॲक्सलवरच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या आसावरच्या वजनाने होते. भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज साधारण सोळापट होते. २०१८ मध्ये केंद्राने चार टायरांच्या एकेरी ॲक्सलची मर्यादा १०.२ वरून ११.५ टन केली. त्यावरही चिऱ्याच्या गाड्या भरभरून जातात, हे मी नाकारणार नाही. २०१९ पासून दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. कायद्यात गाडी चालवणारा येतो तसा चालवायला लावणाराही येतो. पण मी पाहिलेल्या पावत्या बहुतेक ड्रायव्हर-मालकाच्याच नावावर फाटल्या. खाणीवरून जास्त भरून देणारा आणि भाडं पाडून मागणारा, दोघेही मोकळे. वजनकाटा खाणीच्या तोंडाशी बसवा, निम्मी चोरी तिथेच थांबेल.

गणपतीत अवजड गाड्यांना बंदी असते. दूध, औषधं, इंधन सुटतात. चाकरमानी सुखरूप घरी पोचले पाहिजेत, त्यामुळे बंदीला माझा विरोध नाही. माझं गाऱ्हाणं आहे ते अगदी तोंडावर निघणाऱ्या आदेशाचं. एका वर्षी आमची फरशीची गाडी माणगावजवळ अडकली. ड्रायव्हर तीन दिवस गाडीखाली सतरंजी टाकून झोपला आणि आंघोळीला शेजारच्या घरच्या विहिरीवर गेला. त्या घरच्या वहिनींनी त्याला ऋषीपंचमीची भाजी वाढली. त्याच्या स्वतःच्या घरी तेव्हा गणपती बसला होता.

तुमच्या घरासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांचं उत्तरही ड्रायव्हरच्या विश्रांतीतच आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठी ८ तासांच्या कामाचा कायदा १९६१ मध्येच झाला. पण आठ तास झाल्यावर माणसाने थांबायचं कुठे? जिथे उजेड आणि चहाची टपरी दिसेल तिथे तो थांबतो. ग्रामपंचायतीतून हायवेवाल्यांना अर्ज द्या: गावाबाहेर, जुन्या रस्त्याच्या सुटलेल्या पट्ट्यावर पंधरा-वीस गाड्यांचा थांबा, पाणी, संडास आणि रात्रीचे दिवे. अर्ज लिहिलात की इथेच टाका, गाडीच्या लांबीची आणि वळायला लागणाऱ्या जागेची मापं मी घालून देतो.