अ‍ॅमरिलिसच्या कंदाला कडेने पिल्लं फुटली आहेत. घरातल्या कुंडीतून ती लगेच वेगळी करावीत का?

लगेच नको. बोटाच्या पेराएवढं पिल्लू तोडलं तर ते नुसती पानं काढत बसतं, फुलासाठी दोन-तीन वर्षं सहज थांबावं लागतं. आईच्या कंदाच्या साधारण एक तृतीयांश झालं आणि त्याला स्वतःची मुळं दिसली, की कुंडी बदलतानाच काढा. माती झटकून हलकेच पिळलं तर बऱ्याचदा हातातच सुटतं. नाही सुटलं तर स्वच्छ सुरी. जखम दिवसभर सुकू द्या, मगच लावा. कुंडी कंदापेक्षा दोन बोटं रुंद, बस्स. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि कंद सडतो. वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर हवा. मी पहिल्यांदा अख्खा पुरला होता, महिन्याभरात मऊ पडला.

फुलं गेल्यावर दांडा कापा, पानं मात्र मुळीच नाही. पुढच्या फुलाची शिदोरी तीच भरतात. भरपूर उजेड द्या. मोठ्या कंदाला पुढे ८-१० आठवडे पाणी तोडून थंड जागी विश्रांती द्या. पिल्लांना ती नको, वाढू द्या.

घरात मांजर असेल तर कंद उंचावर ठेवा, तो विषारी असतो.