मुलगा म्हणतो पाणबुड्या व्हायचंय, काय करू?

पत्र असं आहे: "सर नमस्कार. आमचं गाव उजनी धरणाच्या काठाला आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे, पोहण्यात पट्टीचा. मे २०२४ ला कळाशीच्या बाजूला बोट उलटली तेव्हा तो दोन दिवस काठावरच उभा होता, जेवायला पण घरी आला नाही. तेव्हापासून एकच धरून बसलाय की एनडीआरएफमध्ये, म्हणजे केंद्राच्या आपत्ती बचाव दलात, डायव्हर होणार. त्याचे वडील म्हणतात, मढी उचलायला शिकवलं का तुला? घरात रोज वाद. त्याला कसं समजावू? का जाऊ देऊ?"

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. आधी मुलाच्या वडिलांबद्दल बोलतो, कारण त्यांच्या बोलण्यात राग असला तरी माहिती चुकीची नाहीये. बोट उलटल्यावर जी माणसं जिवंत निघतात ती पहिल्या काही मिनिटांत निघतात, आणि त्यांना काढणारे बहुतेक वेळा शेजारून जाणारे बोटवाले, कोळी, काठावरची पोरं असतात. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून एलिफंटाला चाललेल्या नीलकमल बोटीला नेव्हीची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले, पण शंभराच्या आसपास माणसं वाचली ती आजूबाजूच्या बोटी लगेच धावल्या म्हणून. डायव्हरची टीम येते ती नंतर. फोन जाणार, गाडी निघणार, सामान उतरणार, तोपर्यंत जे पाण्याखाली आहेत त्यांचं काय झालेलं असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तर तुमच्या मुलाने हे काम घेतलं तर तो बहुतेक वेळा कुणाचा जीव वाचवणार नाहीये, कुणाचं तरी माणूस घरच्यांच्या ताब्यात देणार आहे. हे त्याला एकदा सरळ विचारा, तुला हे माहितीये ना म्हणून. मला वाटतं त्याला माहिती आहे, दोन दिवस काठावर उभा राहिलेला पोरगा आहे तो.

कुगावहून कळाशीला येणारी ती बोट २१ मेच्या संध्याकाळी वाऱ्यात उलटली, सात जण होते, एक जण पोहून बाहेर आला आणि सहा गेले, त्यात लहान पोरं होती. माणसं मिळायला २३ तारीख उजाडली. एवढा वेळ का लागतो हे काठावरून कळत नाही, काठावरून वाटतं एवढी माणसं, एवढ्या बोटी, मग सापडत कसं नाही. त्या वर्षी उजनी मायनसमध्ये गेली होती, म्हणजे पाणी कमी, पण पाणी कमी म्हणजे सोपं असं नसतं. खाली काय आहे ते तुम्ही तिकडचेच आहात, तुम्हाला माहितीये, बुडालेल्या गावांच्या भिंती, वाळलेली झाडं, तुटून राहिलेली जाळी. पाणी उतरून पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं तेव्हा सगळे फोटो काढायला जातात, पण असं बरंच काही वर न येता तसंच गाळात उभं असतं, आणि डायव्हरचं हवेचं सिलेंडर किंवा पायातलं फिन त्यातच अडकतं.

आणि दिसत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय कारण मुलं यूट्यूबवर निळं पाणी, प्रवाळ, रंगीत मासे बघून येतात. धरणाच्या, नदीच्या, खाणीच्या पाण्यात थोडं खाली गेलं की स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नाही, टॉर्च लावला तर गढूळ पाण्यात उलट धुकं झाल्यासारखं होतं. शोध हाताने घ्यायचा. एक दोर तळाशी ताणून बांधतात, डायव्हर एका हाताने दोर धरून दुसरा हात गाळावरून फिरवत जातो, टोकाला पोचला की दोर थोडा सरकवायचा आणि परत उलटा यायचं, शेतात पाभर फिरवतात तसं. नाहीतर एक जण काठावर किंवा बोटीत दोर धरून बसतो आणि डायव्हर त्या दोराच्या टोकाला अर्धगोल फिरत राहतो, एक फेरी झाली की वरचा माणूस दोर हातभर सोडतो. वरच्या माणसाला टेंडर म्हणतात. दोघांचं बोलणं दोराच्या झटक्यांवर चालतं, किती झटके म्हणजे ठीक, किती म्हणजे ओढ मला, हे आधी ठरलेलं असतं. बऱ्याच डायव्हरांचं म्हणणं असतं की खाली डोळे मिटूनच काम बरं होतं, दिसत नसताना डोळे उघडे ठेवले की मन नको ते बघायला लागतं.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एका महापालिकेच्या फायर ब्रिगेडमधला जवान आला होता, नोकरी बदलायची म्हणून. खाणीच्या पाण्यातून, विहिरीतून त्याने बरीच माणसं काढली होती, त्याचं काही वाटायचं नाही म्हणाला. मग एकदा घरी बाथरूममधली लाईट गेली, याने अंधारात बादलीत हात घातला आणि आत बायकोने भिजवलेली साडी हाताला गुंडाळली गेली. शेजारचे धावत आले एवढ्या जोरात ओरडला. पाण्यात जे हाताला लागतं ते आधी कापडच असतं ना. त्याने नोकरी सोडली नाही, पण साहेबांना सांगून दोर धरायचं काम घेतलं आणि आता तो तिथला सगळ्यात चांगला टेंडर आहे असं ऐकलंय. वडिलांनी मढी म्हटल्यावर मुलगा चिडत असेल, चिडू दे, पण ही साडीची गोष्ट त्याला सांगा.

आता पोहण्याचं. पट्टीचा पोहणारा असणं चांगलंच, पण डायव्हिंग हे पोहणं नाही. तो बारावी सायन्सला आहे तर त्याला हे गणित घाला, बॉइलचा नियम त्याला आलेला असेलच. १२ लिटरचं सिलेंडर २०० बारला (बार म्हणजे दाबाचं माप) भरलं तर आत २४०० लिटर हवा होते. माणूस काम करताना मिनिटाला साधारण २० लिटर ओढतो, म्हणजे वर बसून दोन तास. दर १० मीटरला एक बार प्रेशर वाढतं, २० मीटरवर एकूण ३ बार, तिथे दर श्वासाला तिप्पट हवा जाते आणि तेच सिलेंडर ४० मिनिटांत संपतं, त्यातले ५० बार तरी परत येण्यासाठी राखून ठेवायचे, म्हणजे उरला अर्धा तास. आणि घाबरला, धापा टाकायला लागला की पंधरा मिनिटं. शिवाय खाली जास्त वेळ राहिलं की नायट्रोजन रक्तात मुरतो, घाईने वर आलं तर सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसतं तसे बुडबुडे सांध्यांत, मणक्यात होतात, लकवा मारू शकतो. तीसेक मीटरच्या खाली तर त्या नायट्रोजननेच नशा चढल्यासारखं होतं, माणूस चुकीच्या गोष्टीवर हसायला लागतो. म्हणून सापडलं, आता पटकन वर जाऊ, असं करता येत नाही. सापडल्यावरसुद्धा हळूच यायचं, वर आई रडत असली तरी.

ताई, माझं म्हणणं खरं तर इथेच येऊन थांबतं. तुमचा मुलगा उडी मारेल यात मला शंका नाही, गावाकडची पोरं उडी मारतातच. त्याला उडी न मारता काठावर उभं राहता येईल का हे मला माहिती नाही आणि तुम्हालाही नसेल. इंचार्जने सांगितलं की आज पाणी सोडलंय, प्रवाह आहे, आज उतरायचं नाही, तेव्हा मागे बुडालेल्या माणसाचा भाऊ शिव्या देतोय, गाववाले म्हणतायत सरकारी पगार खाता आणि पाण्याला भिता, आणि तुम्ही दोर गुंडाळून बसून राहायचं.

योगायोग बघा, उजनीत माणसं मिळत होती त्याच दिवशी, २३ मे २०२४ ला, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्या पोराला शोधायला गेलेली एसडीआरएफची, म्हणजे राज्याच्या आपत्ती दलाची, बोट भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवान गेले. धुळ्याची टीम होती, ट्रेनिंग झालेली माणसं. त्यांची चूक होती असलं काहीही मी म्हणत नाहीये, मी तिथे नव्हतो. पण बंधाऱ्याखालचं पाणी वरून कितीही साधं दिसलं तरी ते खालून परत बंधाऱ्याकडे ओढतं, बोटीलाही सोडत नाही. हे वडिलांना लपवू नका. उलट तुम्हीच आधी सांगा, नाहीतर ते कुठून तरी ऐकणारच आणि म्हणणार बघ.

बरं, आता रस्ता. सगळ्यात मोठा गैरसमज हा की एनडीआरएफची भरती निघते. निघत नाही. एनडीआरएफमध्ये बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी अशा केंद्राच्या फोर्समधली माणसं काही वर्षांसाठी डेप्युटेशनवर येतात, पुण्याजवळ सुदुंबरेला जी ५ वी बटालियन आहे ती सीआरपीएफची. म्हणजे त्याला आधी एसएससी जीडीची, या फोर्समधल्या जवानांच्या भरतीची, परीक्षा द्यावी लागेल, दहावी पास चालतं, वय १८ ते २३, उंची १७० सेंमी, आणि ५ किलोमीटर २४ मिनिटांत. मग फोर्स मिळेल तो, मग काही वर्षं जिथे टाकतील तिथे, मग एनडीआरएफ, आणि तिथेही सगळेच डायव्हर होत नाहीत. डायरेक्ट एनडीआरएफ भरती म्हणून कुणी फॉर्मचे पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका.

राज्याचं एसडीआरएफ हे एसआरपीएफमधून, म्हणजे राज्य राखीव पोलिसांतून, भरतात, कंपन्या धुळ्याला आणि नागपूरला. एसआरपीएफला बारावी लागते आणि मैदान तगडं लागतं. मराठी मुलासाठी हा रस्ता मला जास्त सरळ वाटतो, घराजवळ राहतो आणि आपल्याच नद्यांवर काम करतो. तिसरा रस्ता फायर ब्रिगेडचा, मुंबईत कालिनाला राज्याच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स असतो, पुढे महापालिका-नगरपालिकांच्या जाहिराती बघत राहायच्या. शहरात तलावात, विहिरीत कुणी बुडालं की पहिला फोन फायर ब्रिगेडलाच जातो, त्यामुळे काम भरपूर, फक्त त्यातला डायव्हिंगचा वाटा कमी आणि आग, झाडपडी, लिफ्टमध्ये अडकलेले, हेच जास्त.

नेव्हीचं डायव्हिंग ट्रेनिंग देशात सगळ्यात कडक, शाळा कोचीला आहे. आता खालच्या पदांवर अग्निवीर म्हणूनच जावं लागतं, एसएसआर म्हणून बारावीवाल्यांची भरती असते, तिला बारावीला मॅथ्स-फिजिक्स हवं, चार वर्षं आणि नंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. मग डायव्हर म्हणून निवड व्हायची ती वेगळीच. कमर्शियल डायव्हिंग म्हणजे धरणाचे गेट, जहाजाचे तळ, समुद्रात बॉम्बे हायच्या तेलाच्या पाइपलाइनी, यात पैसा आहे पण कोर्सची फी लाखात जाते आणि काम कॉन्ट्रॅक्टवर, त्यामुळे कर्ज काढून त्यात घालायला मी सांगणार नाही. शोधकामातही कधी कधी खाजगी लोकच कामाला येतात हे खरंय, २०१९ ला आंध्रात गोदावरीत कच्चुलुरूजवळ टुरिस्ट बोट बुडाली, ती २०० फुटांहून खोल गेली होती आणि प्रवाह एवढा की तिथे माणूस उतरवणंच अवघड, शेवटी काकीनाड्याच्या एका खाजगी टीमने लोखंडी दोर आणि नांगर टाकून टाकून ३८ दिवसांनी ती ओढून काढली. म्हणजे आपले भोई लोक गळ टाकतात तीच पद्धत, फक्त क्रेन आणि वायररोप लावून. मला ही गोष्ट फार आवडते, पण ती नोकरी नाहीये, तो त्यांचा धंदा आहे.

जे मला तुमच्या मुलाने लगेच केलेलं आवडेल ते वेगळंच आहे. बारावीची परीक्षा द्यायची, नीट द्यायची, यात सूट नाही. त्यानंतरच्या सुट्टीत मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीचं (राज्याच्या पर्यटन महामंडळाचं) स्कुबा सेंटर आहे तिथे ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचा सुरुवातीचा, कोर्स करू दे, १८ मीटरपर्यंतचा असतो, खर्च आहे पण चार वर्षं भरतीच्या मागे घालवून मग पाण्याच्या दाबाला कान साथ देत नाहीत हे कळण्यापेक्षा स्वस्त. ते सर्टिफिकेट दाखवून कुठे नोकरी लागणार नाही हे त्याला आधीच सांगा. दुसरं, १८ पूर्ण झाल्यावर कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन आपदा मित्रची, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची, बॅच कधी आहे ते विचारायचं, काही दिवसांचं ट्रेनिंग असतं, पगार नाही, पण तिथे दोर, बोट, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार सगळं हाताखालून जातं आणि रेस्क्यूच्या कामातला कंटाळाही कळतो. कंटाळा फार असतो ताई. आठ तास बोट हळूहळू इकडून तिकडे, ऊन, आणि काहीच नाही.

वडिलांना एक विचारून बघा, मी विचारलं म्हणून सांगा हवं तर. त्या दोन दिवसांत ते स्वतः काठावर गेले होते का? गेले असतील तर त्यांनी काय बघितलं, ते कधी मुलाला सांगितलं का. मला असं वाटतंय की मढी हा शब्द त्यांनी त्याच भीतीपोटी वापरलाय, पण हा माझा अंदाज, पत्रावरून माणूस कळत नाही.

पुढच्या पत्रात मुलाची उंची, चष्मा असला तर नंबर, आणि रंग ओळखायची टेस्ट कधी केलीये का ते लिहा. दमा, सायनस आहे का. आणि लहानपणी कान वाहायचा का, पडद्याला भोक असेल तर वरच्या सगळ्या रस्त्यांचा मुळातून वेगळा विचार करावा लागेल, तेवढं आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.