बशीत सांडलेला चहा

"वडील गेल्यापासून आई (वय ६८) झोपेची गोळी घेते, अल्प्राझोलाम ०.५, रोज रात्री एक. सहा वर्षं झाली. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही. हे व्यसन मोडायचं म्हणून शुक्रवारी मी सगळ्या स्ट्रिप कपाटात कुलूपबंद केल्या. तेव्हापासून ती झोपत नाही, चिडते, रडते. काल चहाचा कप बशीवर थडथडत होता, निम्मा सांडला. बायको म्हणते, नाटकं आहेत. आईला कसं समजावू?"
– सांगलीचे एक वाचक

समजावण्याचं नंतर बघू. आधी कपाट उघडा. (हे उत्तर पत्र आलं त्याच संध्याकाळी मेलवर पाठवलं, इथे छापलंय ते अशी कपाटं इतर घरांतही असतात म्हणून.)

पत्रात मेडिकलवाला आहे, बायकोचं मत आहे, आणि जे सगळ्यात आधी सांगायचं ते तुम्ही एका ओळीत उरकलंत: कप थडथडत होता. ती नाटकं नाहीत. औषध एकदम तोडलं की हात असेच कापतात, आणि पुढची पायरी फिट येण्याची असू शकते.

मेंदूत गाबा नावाचं रसायन ब्रेकचं काम करतं. ही गोळी त्या ब्रेकवर वरून पाय ठेवते. वर्षानुवर्षं तो पाय मिळाला की मेंदूचा स्वतःचा ब्रेक ढिला पडतो. मग गोळी काढून घेतली की गाडी उतारावर सुटते. अल्प्राझोलाम साधारण अकरा-बारा तासांत निम्मं उतरतं, म्हातारपणी जरा सावकाश. म्हणून एक-दोन दिवसांतच झोप उडते, घाम फुटतो, छाती धडधडते.

डॉक्टरांना आत्ता फोन करा आणि एवढंच सांगा: अल्प्राझोलाम अर्धा मिलिग्रॅम, सहा वर्षं रोज, शुक्रवारपासून बंद, हात कापतायत. ते नेहमीची गोळी पुन्हा सुरू करायला सांगतील. आज रात्री एकच द्या, बुडालेल्या दिवसांची भरपाई म्हणून दोन नाही. सोबत गुंगी आणणारं खोकल्याचं औषध नको. असंबद्ध बोलल्या, नसलेलं दिसू लागलं किंवा फिट आली, तर फोनही नको, थेट हॉस्पिटल.

व्यसन हा शब्दही मागे घ्या. सहा वर्षांत त्यांनी एकीच्या दोन केल्या नाहीत. अंगाला सवय लागली आहे, आणि ती लावण्यात चिठ्ठीविना स्ट्रिप देणाऱ्या तुमच्या ओळखीच्याचा हात आहे. २०१४ पासून या गोळीसाठी दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवावं लागतं. त्याने काय लिहिलं, एकदा विचारा.

गोळी सुटायला हवी, यात तुमचं चुकलेलं नाही. या वयात ती विसराळूपणा वाढवते, तोल घालवते, आणि खुब्याचं हाड मोडलं तर माणूस अंथरुणाला खिळतं. पण ती सुटते महिन्यांत. मनोविकारतज्ज्ञ बहुधा दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के कमी करतील. पाव मिलिग्रॅमची गोळी अर्धी करून तेवढं वगळलं तरी एका टप्प्यात रोजच्या अर्ध्या मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा कमी होतो. इतक्या जुन्या सवयीला ते फार झालं. म्हणून कधी याच जातीच्या पण सावकाश उतरणाऱ्या डायझेपाम या गोळीवर आणतात: अर्ध्या मिलिग्रॅमच्या जागी साधारण १० मिलिग्रॅम, मग एकेक मिलिग्रॅम खाली. मात्र वयस्कर अंगात ते साठतं, तेव्हा औषध कोणतं हे डॉक्टरच ठरवतील. सात-आठ महिने धरा, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात चिवट असतात.

मधे त्या म्हणतील, या आठवड्यात कमी नको. तर नको. तिथेच थांबा, मागे मात्र जाऊ नका. आणि आज रात्रीपासून बाथरूमच्या वाटेवरचा दिवा चालू ठेवा, दारातलं पायपुसणं उचला.