मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या वतीनं पाठपुरावा करणाऱ्याचा खर्च सरकार देतं का?

थेट सांगायचं तर त्यासाठी वेगळी योजना आपल्याकडे नाही. टेम्पोच्या धडकेत तुमच्या वडिलांच्या मेंदूला इजा झाली त्याला चार महिने झाले, असं तुम्ही लिहिलंय. त्यामुळे जे आहे त्यातून काय मिळवता येईल ते सांगते.

2017 मध्ये माझा धाकटा भाऊ गर्दीच्या लोकलमधून पडला. दोन महिन्यांनी घरी आला तेव्हा चालत होता, शेजाऱ्यांना नावानं हाका मारत होता. सगळे म्हणाले, वाचला पोरगा. पण गॅसवर दूध ठेवून विसरायचा, एवढ्यातेवढ्यावरून आईच्या अंगावर धावून जायचा आणि बाहेरच्या कुणी विचारलं की ‘मी एकदम ओके आहे’ म्हणायचा. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तिथेही तेच म्हणाला. डॉक्टरांनी हातपाय हलवून पाहिले आणि आम्हाला परत पाठवलं. आपलं काय बिघडलंय हे सांगायची ताकदच या दुखण्यात जाते, आणि प्रत्येक खिडकीवर पेशंटनंच ते सांगावं अशी अपेक्षा असते. त्याच्या बाजूनं बोलणारं माणूस औषधाइतकंच गरजेचं आहे, असं मी अनुभवानं म्हणते.

इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर अ‍ॅक्टनुसार, ज्याला स्वतःचं म्हणणं मांडायला फार अडचण येते आणि मदतीला योग्य कुणी नाही, त्याला असा स्वतंत्र माणूस मिळवून देणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक आहे. आपल्याकडे हे काम घरच्या बायका करतात, रजा संपवून, नोकऱ्या सोडून. यासाठी सरकारनं पैसे ठेवायलाच हवेत.

सध्या याच्या सर्वांत जवळ जाणारी सोय म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. 1987 च्या कायद्यानं दिव्यांग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तिथल्या विधी स्वयंसेवकांचं मानधनही सरकारी पैशातून जातं; अर्ज भरायला, कचेरीत सोबत यायला त्यांना सांगता येतं. 15100 वर फोन करा. सरकारी किंवा पालिकेच्या हॉस्पिटलात उपचार चालू असतील तर तिथल्या मेडिकल सोशल वर्करलाही भेटा.

पण आधी मुदत बघा! मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईच्या दाव्यासाठी कायद्यानं अपघातापासून सहा महिने दिलेत, तुमच्याकडे दोनच उरलेत. (रेल्वेच्या दाव्याला वर्षाची मुदत असते. आमचं ते वर्ष हॉस्पिटलातच गेलं.)

दाखल्याचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मेंदूची इजा वेगळी नाही. त्यामुळे इजेतून काय उरलं त्यावर अर्ज करावा लागतो. बोलणं गेलं असेल तर ‘वाचा आणि भाषा’ या प्रकारात, अंग लुळं पडलं असेल तर ‘अस्थिव्यंग’ या प्रकारात. त्याच यादीतल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरण आणि भान यांतला मोठा बिघाडही येतो, हे मला फार उशिरा कळलं. बहुतेक सवलतींना दाखल्यावर किमान 40 टक्के दिव्यांगत्व लागतं.

दुसऱ्या खेपेला मी वही नेली. कोणत्या दिवशी काय विसरला, कधी चिडला, किती वाजता रस्ता चुकला, आठ महिन्यांचं सगळं तारखेनिशी. डॉक्टरांनी ती पूर्ण वाचली आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या लिहून दिल्या. तुम्हीही आजपासून लिहायला लागा.