हिमोग्लोबिन 14, मग लेहला ऑक्सिजन 86 का?

प्रश्न: जूनमध्ये विमानाने लेहला गेलो, हॉटेलवर ऑक्सिमीटर लावला तर 86! पुण्यात कायम 98 असतो. हिमोग्लोबिन 14 आहे, नुकतंच चेक केलंय. मग ऑक्सिजन कमी कसा, आणि तिसऱ्या दिवशी आपोआप बरं कसं वाटलं?

उत्तर: 14 म्हणजे एसटीत सीटा किती, आणि ऑक्सिमीटर सांगतो त्यातल्या भरल्या किती. गाडी मोठी असली म्हणजे भरलेलीच असेल असं थोडंच आहे.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत ऑक्सिजनला चार जागा असतात. एक भरली की रेणूचा आकारच जरा बदलतो आणि पुढच्यांना बसणं सोपं जातं, एक उतरला की बाकीचेही पटापट उतरतात. त्यामुळे फुफ्फुसात ऑक्सिजनचा दाब (पाऱ्याच्या मिमीमध्ये) 100 वरून 60 पर्यंत घसरला तरी 90 टक्के जागा भरतात, पण त्याच्या खाली गेलात की सरळ घसरगुंडी. लेह 3500 मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, म्हणजे तुम्ही बरोब्बर त्या घसरगुंडीच्या तोंडाशी होतात.

आता उतरायचं कुठे हे ऑक्सिजनला कोण सांगतं? कोणीच नाही हो. जो स्नायू राबतोय तो गरम होतो, कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल सोडतो, आणि त्यानेच हिमोग्लोबिनची पकड सैल होते. कार्बन डायऑक्साइडचा हा परिणाम ख्रिस्तियान बोर यांनी 1904 मध्ये दाखवला (अणूवाल्या नील्स बोरचे वडील, मुलाच्या नावाखाली झाकले गेले बिचारे).

लेहला मात्र गंमत उलटी होते. तुम्ही भराभर श्वास घेता, कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, रक्त अल्कलाइन (आम्लाच्या उलट) होतं आणि पकड घट्ट होते. फुफ्फुसात ते फायद्याचं, पण पेशींपाशी ऑक्सिजन सुटायला कुरकुर. मग एकदोन दिवसांत लाल पेशी 2,3-बीपीजी नावाचं रसायन जास्त बनवतात, ते हिमोग्लोबिनच्या मधल्या फटीत पाचरीसारखं बसतं आणि पकड परत सैल करतं. पण तिसऱ्या दिवशीच्या बऱ्या वाटण्याचं सगळं श्रेय त्याला देऊ नका, मोठा वाटा वाढलेल्या श्वासाचा, आणि किडनी जास्तीचा अल्कली लघवीतून काढून टाकते त्याचा. नवीन लाल पेशी वाढायला तर कित्येक आठवडे लागतात.

आणि हो, बोट गार असलं की ऑक्सिमीटर काहीही दाखवतो, पुढच्या वेळी आधी हात चोळून गरम करा. पण बसल्याजागी धाप लागली किंवा चालताना तोल जायला लागला तर आकडा बघत बसू नका, खाली उतरा आणि डॉक्टर गाठा.