माझं मीच निस्तरणार

“वकील लावायची ऐपत नाही. घटस्फोटाची केस माझी मीच चालवली तर चालेल का?”

हा प्रश्न माझ्या समोरच्या खुर्चीत इतक्यांदा येऊन बसलाय, की आता वाक्य पुरं व्हायच्या आत मला ओळखू येतो. कायद्याचं उत्तर एका शब्दाचं आहे: चालेल. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात तर वकील हा पक्षकाराचा हक्कही मानलेला नाही. वकील येतो तो न्यायाधीशांच्या परवानगीने. नवरा-बायकोने आपलं म्हणणं आपल्या तोंडाने मांडावं, हीच त्यामागची कल्पना. पण मी समुपदेशक आहे, आणि मला त्या प्रश्नातलं एक अक्षर खुपतं. कोणतं, ते मीनलमुळे (नाव बदललंय) कळलं.

वय चौतीस, एका दुकानात हिशेब लिहिते, पदरात सात वर्षांची मुलगी, दीड वर्ष नवऱ्यापासून वेगळी. पहिल्याच भेटीत तिने कापडी पिशवी टेबलावर उपडी केली. लग्नाचा दाखला, भाडेकरार, पासबुकं, शाळेच्या फीच्या पावत्या आणि एक दोनशे पानी वही. वहीत नवऱ्याचे अपराध, तारीखवार. हिशेबनीसच ती! सगळ्यात वर नोटरीचा शिक्का मारलेला स्टॅम्प पेपर: ‘आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत.’

“टायपिंगवाले म्हणाले, एवढं केलं की झालं.”

झालेलं नव्हतं. काही समाजांत रूढीने चालत आलेली आणि कोर्टात सिद्ध करता येणारी फारकत सोडली, तर हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न कोर्टाच्या हुकूमनाम्यानेच मोडतं. असे कागद जपून ठेवलेली माणसं मी इतकी पाहिलीत, की त्यांनी त्यावर दुसरं लग्न तर केलं नाही ना, हे आधी विचारते. मीनलने केलं नव्हतं. तिने कागद मुकाट्याने पिशवीत भरले.

मी तिला जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या, मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून दिला, १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक दिला आणि माझं काम झालं असं समजले. तीन आठवड्यांनी माझ्या अक्षरातली ती चिठ्ठी त्याच घडीत पिशवीतून निघाली.

“गेला नाहीत?”

“फुकटचं कशाला घ्यायचं, मॅडम? आणि फुकटचा वकील म्हणजे कोणीतरी शिकाऊच देणार.”

मग मी भाषण केलं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमातीच्या, अपंग आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या पुरुषांनाही मिळतो (पुरुष हे विचारायलाच लाजतात). पॅनेलवरच्या वकिलाची साधारणपणे किमान तीन वर्षं वकिली झालेली असावी लागते. त्याची फी प्राधिकरण देतं. त्याने वर पैसे मागितले, तर सचिवांकडे तक्रार करायची. ते स्वतः न्यायाधीश असतात. वकील बदलूनही मागता येतो. मीनलने मान डोलावली आणि पुढचे पंधरा दिवसही ती गेली नाही.

माहितीवाचून अडलेला माणूस माहिती मिळाली की उठतो. उठला नाही, तर तो दुसऱ्याच कशाने तरी अडलाय. हे मला ठाऊक होतं, तरी दोन भेटी मी पत्ते वाटण्यात घालवल्या.

तिसऱ्या भेटीत मी कोर्टाचं नाव काढलं नाही. विचारलं, “दुकानाच्या हिशेबात घोळ झाला तर काय करता?”

“सीएंना फोन लावते.”

“लाज वाटते?”

“त्यात कसली लाज? ते त्यांचं काम.”

“मग इथे?”

ती बराच वेळ पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “लग्न मी पळून जाऊन केलं होतं. आई तेव्हाच म्हणाली, आता तुझं तूच निस्तर.”

तिला ते वाक्य तिच्या बाजूने लिहायला सांगितलं. वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं: ‘माझं मीच निस्तरलं पाहिजे.’

“यातलं एक अक्षर खोडा. कुठलं, ते तुम्ही ठरवा.”

एका आकड्याने ताळेबंद कसा फिरतो, हे हिशेब लिहिणारीला मी काय सांगणार? तिने पेन दोनदा टेकवून उचललं, मग ‘च’वर काट मारली. वाचून पाहिलं आणि म्हणाली, “आता यात वकील बसतो.”

हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने जाणारी. माणूस घटनेपेक्षा तिच्याभोवतीच्या हट्टाने जास्त पोळतो, असं मानणारी. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो, ही सोय इंग्रजीत शिकलेल्या माझ्या गुरूंना नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येकाचा ‘च’ शोधते.

पुढचं काम सरळ होतं. दोघं राजी असतील, मुलं आणि पैसा यावर वाद नसेल, तर सहमतीचा अर्ज स्वतः चालवणं अवघड नाही. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर योग्य प्रकरणात कोर्ट ही मुदत माफही करू शकतं. मात्र मारहाण असेल, मुलाच्या ताब्यावरून ओढाताण असेल किंवा समोरच्याने वकील दिला असेल, तर एकटीने उभं राहू नका, असं मी स्पष्ट सांगते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केसचा खर्चही जोडीदाराकडून मागता येतो, नवऱ्याला किंवा बायकोला, ज्याच्याकडे पुरेसं उत्पन्न नाही त्याला. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या दाव्यात स्त्रियांना १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे. कुटुंब न्यायालयातल्या समुपदेशकाचे पैसे पडत नाहीत, आणि त्यांच्याशी बोललेलं गोपनीय राहतं.

वहीचं काय करायचं, हे मीनलनेच विचारलं. दोनशे पानांची दोन पानं केली: काय घडलं, काय हवंय. ‘काय हवंय’ लिहायला तिला अपराधांच्या यादीपेक्षा जास्त वेळ लागला. मुलगी माझ्याकडे, शाळेचा खर्च निम्मा, भेटी रविवारी. प्राधिकरणाने दिलेल्या वकीलबाईंनी त्या पानावरूनच मसुदा केला, आणि नवराही त्यावर राजी झाला.

पहिली तारीख झाल्यावर ती सांगायला आली. आईला फोन केला होता.

“काय म्हणाल्या?”

“म्हणाली, निस्तरलंस का? म्हटलं, निस्तरतेय. पुढच्या तारखेला येतेस का?”

“मग?”

“काही बोलली नाही. मग विचारलं, किती वाजता.”